३८ अंशांचं कॅबिनेट आणि शेगावचा मे महिना

आजचा लेख नेहमीपेक्षा लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा. विषय वरकरणी पोरकट वाटेल. भारीतला कॉम्प्युटर घेतला, त्यात गेम टाकला आणि गेम अडखळतोय. एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, जिथे शंभर यायला हवीत तिथे तीस येतात. ऑफिसात चहाच्या वेळी कुणी हे रडगाणं काढलं की ठरलेले दोन सल्ले मिळतात. ड्रायव्हर अपडेट कर, नाहीतर नवीन ग्राफिक्स कार्ड घे. माझ्या मते हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा न बघता दिलेले असतात. कॉम्प्युटर 'भारी' असणं आणि गेम 'पळणं' या दोन गोष्टी कधीच एक नव्हत्या, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर त्यांच्यात चक्क हवामान येऊन बसलंय. याचा एक इतिहास आहे. बराचसा अमेरिकेत घडलेला, पण त्याचं शेवटचं टोक मला आमच्या शेगावात सापडलं. त्यामुळे लेखात वऱ्हाड जरा जास्त येईल, पुणेकरांनी सांभाळून घ्यावं :-)

सेकंदाला किती चित्रं हा प्रश्न मुळात सिनेमावाल्यांचा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तो हाताने दांडा फिरवून चालवायचा. मूकपटांच्या जमान्यात सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं घेत, पण नक्की आकडा फिरवणाऱ्याच्या मनगटावर. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तेव्हा फ्रेम रेट ही अशी हातघाईची गोष्ट होती. पुढे बोलपट आले आणि पंचाईत झाली, कारण चित्र थोडं हळू-जलद झालेलं डोळ्याला चालतं, पण आवाज तसा झाला तर नायकाचा बेडूक होतो. म्हणून १९२० च्या दशकाच्या शेवटी २४ हा आकडा पक्का झाला.

सिनेमाला हे सोपं गेलं, कारण त्याची चित्रं आधीच तयार असतात. गेमचं तसं नाही. तुम्ही माऊस डावीकडे नेलात की पुढचं चित्र त्या क्षणी, नव्याने बनवावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम झालं नाही की चित्र उशिरा येणार. फ्रेम रेटचं सगळं गणित या १६.७ मध्ये आहे, बाकी सगळा तपशील.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. त्याच्या प्रोग्रॅमरांनी हुशारी केली होती. त्या वेळचा व्हीजीए पडदा सेकंदाला ७० वेळा रंगायचा, म्हणून त्यांनी गेमला बरोबर त्याच्या निम्म्यावर, ३५ वर बांधून टाकलं. कितीही भारी मशीन आणा, पस्तिसाच्या वर जायचं नाही. साध्या ४८६ वर तेवढंही गाठताना दमछाक व्हायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. 'भारी मशीन, हळू गेम' अशी खरी तक्रार सुरू झाली ती १९९६ च्या 'क्वेक'पासून, आणि तिचा पहिला मोठा बळी होता सायरिक्सचा ६एक्स८६ नावाचा प्रोसेसर.

सायरिक्सची गोष्ट मला फार आवडते. हा प्रोसेसर पेंटियमपेक्षा स्वस्त होता आणि ऑफिसच्या कामात, म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरेत, त्याच्या बरोबरीने किंवा पुढेच धावायचा. कंपनी तर त्याच्या खऱ्या मेगाहर्ट्झऐवजी 'अमुक पेंटियमइतका' असा आकडा खोक्यावर छापायची. तो आकडा खोटा नव्हता, फक्त तो कुठल्या कामासाठी मोजलाय ते बघायला हवं होतं. 'क्वेक'ला दशांश अपूर्णांकांची गणितं प्रचंड लागायची आणि ती पेंटियमच्या त्या भागाला डोळ्यासमोर ठेवून अगदी कसून लिहिलेली होती. सायरिक्सचा नेमका तोच भाग लंगडा. एक्सेलमध्ये पेंटियमला मागे टाकणारं मशीन 'क्वेक'मध्ये त्याच्या पार मागे पडलं. हौशी लोकांनी घासाघीस करून पैसे वाचवले होते, आणि गेम लावल्यावर कळलं की आपण घेतलेली ताकद भलत्याच ठिकाणची आहे.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं, १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं, 'जीपीयू' हा शब्द त्याच्या जाहिरातीतून घरोघरी गेला. आता चित्र रंगवायचं काम वेगळ्या चिपकडे गेलं. सीपीयूने ठरवायचं की शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, पडद्यावर काय काय दिसायला हवं, आणि ती यादी कार्डाला द्यायची. कार्डाने रंगवायचं. दोन कारागीर, एकामागे एक. इथपासून 'कॉम्प्युटर किती भारी?' या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर उरलं नाही.

हे समजायला आमच्या भागातलंच उदाहरण देतो. मुंबईहून नागपूरकडे येताना शेगावच्या आधी जलंब नावाचं जंक्शन लागतं. पॅसेंजर असेल तर लोक तिथे पाय मोकळे करतात, बाकी कुणी फारसं विचारत नाही. पण १८६० च्या दशकात या पट्ट्याला सोन्याचा भाव होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. जीआयपी रेल्वेची लाईन १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली. त्या काळातलं हे सगळ्यात भारी मशीन, शेकडो मैल लोखंडी रूळ आणि वाफेचं इंजिन. पण वऱ्हाडातला कापसाचा मोठा बाजार खामगावला, आणि लाईन गेली जलंबवरून. मधलं अंतर १३ किलोमीटर. म्हणजे मुंबईपर्यंत माल वाफेवर धावणार, पण आधी १३ किलोमीटर बैलगाडीत डुलत जाणार, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून. मेन लाईनवर तुम्ही आणखी दहा इंजिनं आणली असतीत तरी खामगावचा कापूस बैलाच्याच चालीने स्टेशनात आला असता. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय? पण ज्याने तो फाटा टाकायचं ठरवलं त्याला अडचण कुठे आहे ते बरोबर दिसलं होतं. त्याने मेन लाईनला हात लावला नाही.

आता हेच मिलिसेकंदांत. समजा एका चित्रासाठी सीपीयूला २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ८. दोघं एकाच वेळी काम करतात, सीपीयू पुढच्या चित्राची यादी करत असताना कार्ड मागचं रंगवतं. तरीही चित्रं सेकंदाला ५०च येणार, कारण यादीच वीस-वीस मिलिसेकंदांनी मिळतेय. दुप्पट वेगाचं कार्ड आणा, ८ चे ४ होतील. एफपीएस? ५०. पैसे गेले, फरक शून्य. जीन अॅम्डाल या आयबीएमच्या माणसाने १९६७ सालीच हे मांडलं होतं: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. हा नियम आम्ही इंजिनिअरिंगला पाठ केला, पाच मार्कांना लिहिला आणि नोकरी लागल्यावर सोयीस्कर विसरलो.

तपासायची युक्तीही जुनीच, 'क्वेक'च्या काळातली. रिझोल्यूशन एकदम खाली आणा. कार्डाचं काम हलकं झालं. एफपीएस वाढला तर कार्ड अडकलं होतं, नाही वाढला तर कार्ड निर्दोष आहे. दोन मिनिटांचं काम, फुकट. ते न करता ४५ हजारांचं कार्ड घेणारे लोक मी पाहिलेत, त्यातले निम्मे माझ्याच क्षेत्रातले.

किरकोळ कारणं पटकन सांगून टाकतो, कारण ती आजही अर्ध्या केसेसमध्ये निघतात. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात खुपसलेली असते आणि हजारोंचं कार्ड आत नुसतं बसून असतं. रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच असते, म्हणजे रस्त्याची एक लेन बंद. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला. हा शेवटचा प्रकार तर पुरातन आहे. विंडोज २००० आणि एक्सपीच्या जमान्यात जाडजूड सीआरटी मॉनिटर ८५-१०० हर्ट्झ सहज द्यायचे, पण गेम उघडला की विंडोज गपचूप ६० वर आणायचं आणि त्यासाठी लोक वेगळी छोटी सॉफ्टवेअरं टाकायचे. पंचवीस वर्षं झाली, भूत तेच, झाड बदललं.

मग २००७ चा 'क्रायसिस'. या गेमने भल्याभल्यांच्या मशीनांना रडवलं आणि गंमत म्हणजे तो नंतर आलेल्या मशीनांवरही मनासारखा पळेना. कारण तो लिहिताना बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की प्रोसेसरचा वेग वर्षागणिक वाढत जाणार, आज ३ गिगाहर्ट्झ तर उद्या ६, परवा १०. त्या आधी कायम तसंच होत आलं होतं. पण नेमकं तेच थांबलं. नंतरच्या प्रोसेसरांत गाभे वाढले, दोनाचे चार, चाराचे आठ. एकेका गाभ्याचा वेग मात्र रांगत राहिला. का? उष्णता. इथून पुढे आपला खरा विषय सुरू होतो.

पूर्वीचा प्रोसेसर म्हणजे घड्याळाचं यंत्र. १३३ मेगाहर्ट्झ लिहिलंय ना, मग बर्फात ठेवा की भट्टीत, तो १३३ नेच चालणार, आणि नाही झेपलं तर बंद पडणार किंवा जळणार. सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. गेम चालू असताना प्रोसेसरवरची उष्णता खेचणारी धातूची जाळी सरळ उचलून काढली आणि त्याचा व्हिडिओ केला. पेंटियम ३ जागच्या जागी थिजला. एएमडीच्या अॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. आणि पेंटियम ४? तो चालतच राहिला. 'क्वेक ३' पडद्यावर सुरू, फक्त एफपीएस धाडकन खाली आला. जाळी परत ठेवली, वेग परत आला.

बहुतेकांनी तो व्हिडिओ 'अॅथलॉन जळतो' म्हणून पाहिला. माझ्या मते त्यातला ऐतिहासिक क्षण दुसरा होता. कॉम्प्युटर पहिल्यांदाच, कुणाच्या डोळ्यादेखत, तक्रार न करता हळू झाला होता. ना एरर, ना निळा पडदा. मशीन चांगलं, सॉफ्टवेअर चांगलं, आणि वेग मात्र गायब. आज 'भारी कॉम्प्युटर पण एफपीएस कमी' म्हणणाऱ्या कितीतरी लोकांच्या घरी हेच चाललेलं असतं.

पुढे इंटेलने वेगाचा हट्ट धरून पाहिला. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ आला, तो इतका तापायचा की त्याच्या जोक्सचा वेगळा लेख होईल. मे २००४ मध्ये त्याच्या पुढचा टेजस नावाचा प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच रद्द झाला. वेगाची शर्यत तिथे संपली. याच काळात इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक आखणी काढली होती. बाजूच्या पत्र्यावर, बरोबर प्रोसेसरच्या समोर जाळी आणि आतून एक नळकांडं, म्हणजे बाहेरची ताजी हवा थेट पंख्यावर. जुन्या कॅबिनेटांवर ते नळकांडं तुम्ही पाहिलं असेल, काय कामाचं म्हणून काढूनही टाकलं असेल. त्यामागचा हिशोब असा होता: खोलीत जास्तीत जास्त ३५ अंश, तर पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांच्या आत.

३५ अंश! शेगावला मे महिन्यात सकाळचा चहा होऊन पेपर वाचून होईतो पारा ३५ ओलांडतो. दुपारी ४३-४४ म्हणजे 'आज जरा बरं आहे'.

तरीही पेंटियमच्या काळात वेग 'ठरलेला' होता आणि कमी होणं हा अपवाद होता. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलचा पहिला कोअर आय७ टर्बो बूस्ट घेऊन आला आणि हे उलटं झालं. खोक्यावरचा मूळ वेग कमी, पण गारवा आहे, वीज आहे, मोकळीक आहे असं दिसलं की प्रोसेसर स्वतःहून वर चढणार. २०१२ मध्ये एनव्हिडियाने ग्राफिक्स कार्डात तेच आणलं, २०१३ च्या टायटनपासून त्यात तापमानाची अटही आली. २०२२ चे एएमडीचे रायझन ७००० तर मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जातात आणि तिथे जेवढा वेग मावेल तेवढा घेतात. थोडक्यात, आता वेग हा चिपचा गुण राहिलेला नाही. चिप, तिच्यावरचा पंखा, कॅबिनेट, खोली आणि बाहेरचं ऊन असा तो सगळ्यांचा मिळून गुण आहे. परीक्षणं लिहिणारे सहसा एसी खोलीत बसतात. त्यांचा १२० एफपीएस हा त्या खोलीचा १२० असतो.

याचं गणित साधं आहे. पंखा आणि जाळी हवेला गार करत नाहीत, चिपची उष्णता हवेत ढकलतात एवढंच. चिप हवेपेक्षा समजा ५५ अंशांनी जास्त तापते. खोली २५ तर चिप ८०, मजेत. खोली ४० झाली की चिप ९५, आणि तिथून वेग कापायला सुरुवात. मध्ये धूळ बसली की ते ५५ चे ६५ होतात. आणि आमच्याकडची धूळ नुसती धूळ नसते. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू तरंगतात, ते जाळीच्या पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखे थापले जातात.

आता भाच्याची केस. तो शेगावलाच राहतो, इंजिनिअरिंगला आहे. (गावात १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे कॉम्प्युटर ही तिथे कधीच नवलाईची वस्तू नव्हती.) कॉम्प्युटर चांगलाच, माझ्या पुण्यातल्यापेक्षा भारी. मागच्या मे महिन्यात त्याचा फोन आला.

"मामा, पहिले वीस मिनिटं मस्त चालते. मंग एकदमच गचके देते. दुकानवाला म्हणते कार्ड बदला."

"कितीचं कार्ड?"

"पंचेचाळीस हजार."

ताई मागून काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण कळलं. जून जवळ आला होता. भाऊजींकडे पेरणीसाठी बाजूला काढलेले पैसे होते, आणि पोराच्या 'प्रोजेक्टसाठी लागते' या वाक्यापुढे ते विरघळायला लागले होते. मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, तो त्याच मशीनवर थ्रीडीचं काम शिकतो.

"रिझोल्यूशन कमी करून पाहिलंस?"

"पाह्यलं. तरी तेवढाच येते."

म्हणजे कार्ड निर्दोष. "किती वाजता खेळतोस?"

"जेवण झाल्यावर. आठ-नऊले."

"उद्या पहाटे पाचला उठ आणि तोच गेम, तीच जागा, अर्धा तास चालव."

"पाच वाजता?" मग जरा थांबून, "चालते. आईले वाटन पोरगं अभ्यासाले उठलं."

पहाटे सगळं सुरळीत. अर्धा तास ९० च्या आसपास, एक गचका नाही. रात्री परत ३० आणि त्याच्याही खाली. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, बदललं फक्त घड्याळ. मग त्याला तापमान आणि वेग पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि वहीत तक्ता करायला सांगितला. दोन रात्रींत दिसलं की प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि साडेचार गिगाहर्ट्झवरून मध्येच एकच्याही खाली कोसळतो, सावरतो, परत कोसळतो. मदरबोर्ड स्वस्तातला होता. त्यावरचे प्रोसेसरला वीज पुरवणारे भागही तापायचे आणि ते तापले की प्रोसेसरला सरळ कमाल खाली खेचायचे.

इथे सरासरीबद्दल एक सांगायला हवं. भाचा आधी म्हणत होता, 'सरासरी ५५ दाखवते, तरी गचके का?' २०११ मध्ये टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसनने नेमका हाच प्रश्न घेतला आणि सेकंदाची सरासरी सोडून एकेका चित्राला किती मिलिसेकंद लागले ते मोजायला सुरुवात केली. परीक्षणांची पद्धतच त्यानंतर बदलली. भाच्याला मी मंदिरातल्या दर्शनबारीचं उदाहरण दिलं. रांग मिनिटाला ६० माणसं सोडते असं म्हटलं, तर ती दर सेकंदाला एक अशीही सोडू शकते, किंवा ४० सेकंद एकाच जागी उभी राहून मग वीस सेकंदांत ६० जणांना ढकलू शकते. हिशोबात दोन्ही सारखेच. उभं राहणाऱ्याला विचारा! आमच्या सेवाधाऱ्यांची शिस्त प्रसिद्ध आहे ती याचसाठी, तिथली रांग लांब असली तरी सरकत राहते. गेमचंही तेच, ६० सलग येणारी चित्रं ९० अडखळणाऱ्यांपेक्षा डोळ्याला सुखाची.

पण एक कोडं राहिलं होतं. खरं ऊन दुपारी असतं, मग दुपारपेक्षा रात्री नऊला जास्त त्रास का? भाच्याच्या तक्त्यात दुपारी तीनला ६०-६५ यायचे आणि रात्री ३०. त्याचं स्वतःचं मत होतं की रात्री व्होल्टेज पडतं म्हणून कॉम्प्युटर हळू होतो. विदर्भातली माझी पिढी २००५ नंतरच्या भारनियमनात वाढलेली, त्यामुळे विजेवर संशय घ्यायला आम्हाला शिकवावं लागत नाही. पण कॉम्प्युटरच्या आतला एसएमपीएस असल्या चढउताराला भीक घालत नाही. व्होल्टेज कमी झालं तर तो जास्त करंट ओढतो आणि आत तेवढीच वीज देतो. फारच पडलं तर मशीन बंद होईल, हळू होणार नाही.

व्होल्टेजने हळू होत होता तो कूलर. खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा. कोरड्या हवेत हा कूलर कमाल करतो, बाहेर ४४ असताना खोली ३०-३२ वर आणतो, आणि दुपारी तो जोरात फिरत असल्यामुळे कॉम्प्युटरही बरा चालायचा. रात्री जेवणानंतर गल्लीतल्या सगळ्यांचे कूलर, फ्रिज, मोटारी एकदम चालू. व्होल्टेज १७० च्या आसपास. साध्या एसी मोटारीचा पंखा कमी व्होल्टेजला मंद होतो. हवा कमी झाली, दिवसभर तापलेला स्लॅब वरून ओकतोय, दार लावलेलं, आणि खोलीत जवळजवळ पाचशे वॉटचा कॉम्प्युटर, म्हणजे अर्धी इस्त्री सतत चालू. खोली ३९-४० वर. भाचा अगदीच चुकला नव्हता. व्होल्टेज एफपीएस पाडत होतं, फक्त दोन घरं पलीकडून वळसा घालून.

आणि बघा, ४५ हजारांचं नवं कार्ड जुन्यापेक्षा शंभर-एक वॉट जास्त खाणारं होतं. ते सगळे वॉट त्याच खोलीत उष्णता म्हणून उतरले असते आणि रात्रीचा एफपीएस आणखी पडला असता. दुकानदाराचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्या दुकानात एसी आहे, मशीन तिथे नेल्यावर गेम व्यवस्थित चालायचा, आणि त्याला मग कार्डच 'कधीकधी बिघडणारं' वाटणार.

उपाय काही ग्रेट नव्हते. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढलं. ब्लोअर मारला तेव्हा जाळीतून राखाडी नमद्याची अख्खी पट्टी निघाली, ताईने तिचा फोटो पाठवला. कूलरला वेगळा स्टॅबिलायझर लावला, दोन-अडीच हजारांचा. प्रोसेसरचं व्होल्टेज सेटिंगमधून किंचित कमी केलं, त्याने वेग तसाच राहून तो बराच कमी तापतो. आणि गेमला ६० वर बांधून टाकलं. हे शेवटचं त्याला अजिबात पटत नव्हतं, ९० येत असताना ६० का घ्यायचे म्हणून. पण चित्र झाल्यावर प्रोसेसरला दोन-चार मिलिसेकंद विसावा मिळतो आणि तेवढ्यात तो निवतो. 'डूम'वाल्यांनी १९९३ साली ३५ वर बांधलं होतं, त्याची गोष्ट सांगितल्यावर जरा मऊ झाला.

जूनमध्ये पाऊस आला आणि दुसरीच गंमत. दमट हवेत कूलर निरुपयोगी, खोलीत नुसता ओलावा, म्हणून तो बंदच ठेवतात. पण बाहेरची हवाच ३० वर आल्यामुळे प्रोसेसरला फरक पडत नाही. भाच्याच्या वहीत आता पहाटेचा आणि रात्रीचा आकडा सारखाच आहे, ६० आणि ६०. तक्ता त्याने तरीही चालू ठेवलाय, पुढच्या एप्रिलपर्यंत ठेवणार म्हणतो. भाऊजींचं सोयाबीनचं बियाणं आलं, पेरणी वेळेवर झाली.